कणाचा आकार सांगणारा प्रकाश

मराठीत ‘आकार’ हा शब्द मोजमापासाठीही वापरला जातो आणि ठेवणीसाठीही. हवेतील कणांच्या बाबतीत मात्र हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि ठेवणीच्या प्रश्नाचे उत्तर कणाने विखुरलेल्या प्रकाशातून मिळते. कणावर पडलेला प्रकाश निरनिराळ्या दिशांना फेकला जाणे म्हणजे विकिरण, आणि गोल कणाकडून ते कसे घडते याचे गणित गुस्ताव्ह मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. धूलिकण, बर्फाचे स्फटिक किंवा ॲस्बेस्टॉसचे तंतू गोल नसल्यामुळे त्या गणितापासून ढळतात आणि हे ढळणेच त्यांची ओळख ठरते. लेसरच्या झोतातून एकेक कण सोडून विकिरित प्रकाश कॅमेऱ्याने टिपला असता गोल थेंबाभोवती समकेंद्री वर्तुळे उमटतात, तर लांब तंतूचा प्रकाश मुख्यतः त्याच्या लांबीला काटकोनात असलेल्या पट्ट्यात एकवटतो. दूरच्या कणांसाठी ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची ठरलेली दिशा, उपयोगी पडते: गोल थेंबाकडून थेट मागे परतणाऱ्या प्रकाशात ती टिकून राहते, वेड्यावाकड्या कणाकडून परतताना विस्कटते. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेसरच्या साहाय्याने वाळवंटी धूळ आणि ढगांतील बर्फ याच खुणेवरून ओळखले. ही खूण निर्विवाद नाही, कारण दाट ढगात अनेक थेंबांवरून वळत आलेल्या प्रकाशाचेही ध्रुवण बिघडते. शिवाय दमट हवेत पाणी शोषून विरघळलेला मिठाचा स्फटिक थेंबासारखाच दिसू लागतो.