वटवाघळाचा सूड, बायकोच्या हाती घड्याळ

मैत्रिणींनो, "आठ दिवसांची शिक्षा आहे, तुरुंगात जातो गं," असं सांगून यजमान घराबाहेर पडले आणि गेले मात्र नाचाच्या मेजवानीला, तर काय कराल? रोझालिंडने काय केलं, ते व्हिएन्नाचे लोक दीडशे वर्षं हसत हसत पाहत आले आहेत.

योहान स्ट्राउसच्या 'फ्लेडरमाउस', म्हणजे 'वटवाघूळ', या ऑपेरेटाची ही नायिका. ऑपेरेटा म्हणजे गाणी, नाच आणि संवाद असलेलं हलकंफुलकं संगीत नाटक. रोझालिंडच्या नवऱ्याने एकदा आपल्या मित्राला दारूच्या नशेत, वटवाघळाच्या सोंगात उघड्यावर सोडून दिलेलं असतं. त्या फजितीचा सूड म्हणून हा मित्र त्याला मेजवानीला नेतो आणि गुपचूप बायकोलाही बोलावतो. ती येते मुखवटा घालून, हंगेरीची सरदारीण बनून. नवरोजी आपल्याच बायकोवर लट्टू! ती गोड बोलून त्याचं घड्याळ लांबवते. घरची मोलकरीणही "मावशी आजारी आहे" म्हणून सुटी घेऊन, मालकिणीचाच झगा घालून तिथे हजर!

मूळ कथा पॅरिसच्या १८७२ सालच्या एका नाटकातली. तिथलं मध्यरात्रीचं जेवण व्हिएन्नात नाचाची मेजवानी झालं. वॉल्ट्झचा राजा म्हणून गाजलेल्या स्ट्राउसला रंगभूमीकडे वळवण्यात त्याच्या पत्नीचा, गायिका येटीचा, मोठा वाटा होता. ५ एप्रिल १८७४ रोजी 'थिएटर आन डेर वीन'मध्ये पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद खुद्द स्ट्राउसने चालवला. रोझालिंड झाली मारी गाइस्टिंगर. ती नुसती नटी नव्हती बरं का, त्या थिएटरच्या कारभारातही भागीदार होती!

आदल्याच वर्षी, मे १८७३ मध्ये, व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला होता. पैसा गेलेल्या त्या शहरापुढे "विसरा आणि प्या" म्हणणारं हे नाटक आलं. १८९४ साली दरबारी ऑपेरागृहानेही त्याला आत घेतलं. आज तिथे दर ३१ डिसेंबरला हाच खेळ रंगतो. श्रीमंत राजपुत्राची भूमिका बहुधा बाईच करते आणि दारुड्या पहारेकऱ्याच्या तोंडी ताज्या घडामोडींवरचे विनोद येतात.

शेवटी काय होतं? रोझालिंडही काही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. नवरा बाहेर पडताच तिचा जुना प्रियकर घरात येऊन बसलेला! तुरुंगाचा अधिकारी त्यालाच नवरा समजून नेतो आणि तिची लाज राखायला तोही मुकाट्याने जातो. पहाटे तुरुंगात हे कळताच नवरा संतापतो. ती शांतपणे त्याच्यासमोर घड्याळ धरते. सगळा दोष शॅम्पेनवर ढकलून पडदा पडतो.

पण गंमत अशी, की घरी गेल्यावर ती दोघं काय बोलली, ते कुणीच दाखवलेलं नाही. शॅम्पेनची नशा सकाळी उतरते. घड्याळ मात्र दोघांनाही आठवत राहणार. तिने ते फेकून मारलं नाही की रडून परत दिलं नाही. योग्य वेळी दाखवलं, इतकंच!