ज्ञानकोशाचे नवे रूप आणि बहुमताचा प्रश्न

१८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडिया उघडणाऱ्या वाचकांना ओळखीचे पान अनोळखी भासले. दशकाहून अधिक काळ टिकलेली मांडणी बदलली होती. मजकुराची ओळ आखूड झाली होती. अनुक्रमणिका लेखातून निघून डाव्या कडेला आली होती आणि इतर भाषांची यादी शीर्षकाशेजारी जाऊन बसली होती. या रूपाचे नाव 'व्हेक्टर २०२२'. एका संकेतस्थळाच्या रंगरूपाविषयी स्मरणिकेत लिहावे असे त्यात काय, असा प्रश्न कोणी करील. लिहावयाचे आहे ते त्यावरून उठलेल्या वादाविषयी. सर्वांच्या मालकीच्या वास्तूत अखेरचा शब्द कोणाचा, हा त्या वादाचा गाभा होता.

विकिपीडिया ज्या 'मीडियाविकी' प्रणालीवर चालतो, ती मुक्त स्रोत आहे. तिची संहिता कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी. लेख लिहिणारे स्वयंसेवक बिनपगारी असतात. सर्व्हर, निधी आणि वेतनावरील तंत्रज्ञ मात्र अमेरिकेतील विकिमीडिया फाउंडेशनकडे आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच व्यवस्थेचा भाग आहे.

फाउंडेशनचा युक्तिवाद निराधार नव्हता. ओळ फार लांब असली की डोळा पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना चुकतो, म्हणून छापील ग्रंथातही ओळीला मर्यादा असते. शिवाय हा बदल एका रात्रीत लादलेला नव्हता. २०२० पासून फ्रेंच, हिब्रू आदी विकिपीडियांवर तो टप्प्याटप्प्याने आणला गेला. संपादकांची तक्रारही खरी होती. तक्ते आणि चित्रे यांची दाटी होते नि रुंद पडद्याचा मोठा भाग कोरा पडतो. नोंदणीकृत सदस्याला जुने रूप निवडता येई. नोंदणी न केलेल्या वाचकाला ते करता येत नसे. यामागे तांत्रिक कारण होते. अशा वाचकांसाठी पानाची एकच तयार प्रत साठवलेली असते आणि तीच सर्वांना दिली जाते. प्रत्येकाच्या आवडीची निराळी प्रत ठेवणे खर्चाचे. स्वाहिली विकिपीडियाच्या संपादकांनी तर जुने रूप परत आणावे, असा एकमुखी कौल दिला.

इंग्रजी विकिपीडियावर रीतसर चर्चा झाली. नवे रूप मागे घ्या म्हणणारे ३५० च्या वर, राहू द्या म्हणणारे २३० च्या आत. तरीही 'सहमती झालेली नाही' असा निवाडा देण्यात आला आणि नवे रूप कायम राहिले. कारण तेथे केवळ डोकी मोजत नाहीत, युक्तिवादांचे वजन पाहतात. अनेकांना हा उघड अन्याय वाटला.

बौद्ध वाचकाला मात्र ही रीत अगदीच परकी वाटू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती, की प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात रंगीत शलाका वाटून मते घेण्याची पद्धत सांगितली आहे. धम्माविरुद्ध बहुमत झालेले दिसल्यास शलाका गोळा करणारा भिक्खू ते मतदान अग्राह्य ठरवू शकत असे. हा अधिकार भयावह आहे, हे संघाने ओळखले होते. म्हणूनच पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असलेल्या भिक्खूचीच, आणि तीही संघाच्या संमतीने, त्या कामी नेमणूक होई.

माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. २०२३ चा निवाडा देणारे स्वतः स्वयंसेवक संपादक होते, फाउंडेशनचे नोकर नव्हते. त्यांनी आपली कारणे सर्वांसमोर लिहून ठेवली. २०१४ साली जर्मन विकिपीडियावर नेमके उलट घडले होते. चित्रे दाखविण्याची नवी सोय तेथील संपादकांनी मतदानाने नाकारली आणि एका प्रचालकाने ती बंद केली. तेव्हा फाउंडेशनने 'सुपरप्रोटेक्ट' नावाचे नवे कुलूप निर्माण केले. निवडून आलेल्या प्रचालकांनाही ते उघडता येईना. वादातील एक पक्षच न्यायाधीश झाला. शेकडो संपादकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढावे लागले. चित्रांची सोय चांगली की वाईट, हा मुद्दा तोवर मागे पडला होता.

२०२३ मध्ये ती वेळ आली नाही. मजकूर पूर्ण रुंदीत पाहण्याचे बटण नोंदणी नसलेल्या वाचकांनाही मिळाले आणि पुढे त्यांची निवड लक्षात ठेवण्याची सोयही झाली. चर्चेची ती लांबलचक पाने विकिपीडियावरच जपून ठेवलेली आहेत. आपल्या विद्यालयातून बाहेर पडून संगणकाच्या क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती चुल्लवग्ग शेजारी ठेवून वाचावीत.