तबकडीतला आवाज

या शतकाच्या पहिल्या दहापंधरा वर्षांत लग्नांचे, भजनांचे, उरुसांचे चित्रण डीव्हीडीच्या तबकडीवर करून ठेवण्याची रीत पडली. गिरडसारख्या गावांतल्या कपाटांतूनही अशा तबकड्या निघतील. चित्र पाहावयास मिळावे म्हणून आपण त्या जपतो. परंतु त्यांतली मोलाची वस्तू आमच्या मते निराळी आहे. ती म्हणजे आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांची बोली.

ग्रिअर्सनसाहेबांनी केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे नमुने छापलेले आहेत. पण छापील नमुन्याला गळा नसतो. या मुलखातला जुना माणूस 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो. हा उच्चार निव्वळ 'य'चा, की 'ळ'ची काही खूण राखणारा, हे अक्षरांवरून कळावयाचे नाही. त्याकरिता ध्वनीच मोजला पाहिजे. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली 'प्राट' ही विनामूल्य संगणकप्रणाली हे मापन करते. मात्र तिला डीव्हीडीवरचे चित्रण चालत नाही. 'वेव्ह'सारखी निखळ ध्वनीची फाईल द्यावी लागते.

ती कशी करावी? पहिले काम म्हणजे तबकडीची जशीच्या तशी नक्कल संगणकावर उतरवून ठेवणे. तबकडीवरचे चित्रण 'व्हीओबी' नावाच्या फाईलींत असते. एक फाईल साधारण एक गिगाबाइटची झाली की दुसरी सुरू होते, आणि बोलणाऱ्याचे वाक्य तेथेच तुटते. म्हणून हे तुकडे क्रमाने जोडावेत आणि मगच 'एफएफएमपेग'सारख्या साधनाने ध्वनी वेगळा काढावा. डीव्हीडीवरचा ध्वनी बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. तो आकडा बदलू नये. खरखर काढून आवाज गोड करण्याचा मोहही टाळावा, कारण खरखरीबरोबर उच्चाराचा बारकावाही जातो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दोन वाहिन्यांच्या, सोळा बिटांच्या वेव्ह फाईलीला तासाला सुमारे ६९१ मेगाबाइट जागा लागते. डीव्हीडीवर हाच ध्वनी पुष्कळदा 'एसी-३' पद्धतीने दाबून बसवलेला असतो आणि सेकंदाला १९२ किलोबिटांच्या दराने तो ८६ मेगाबाइटांत मावतो. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग तेथे आधीच टाकून दिलेला असतो. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबांच्या शब्दाने एका व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी कथा तिथल्या गोल गोट्यांविषयी लोक सांगतात. गोट्याचा पुन्हा माल होत नाही, तसाच टाकलेला ध्वनी वेव्ह केल्याने परत येत नाही. फाईल मोठी होते, माहिती वाढत नाही. आवाजाचा चढउतार, शब्दांची लांबी यांचे मापन अशा ध्वनीवर बहुधा निभावते. अतिसूक्ष्म निष्कर्ष काढताना मात्र मूळ ध्वनी दाबलेला होता हे नमूद करावे.

नमूद करणे हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. हेमा रायरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांचे मोल नुसत्या संख्येत नाही; ओवी कोणत्या गावची, कोणत्या बाईने गाइलेली, याची नोंद राहिली म्हणून तो अभ्यासाचा संग्रह झाला. आपल्या फाईलीलाही बोलणाऱ्याचे गाव, वय, चित्रणाचे साल आणि प्रसंग यांची चिठ्ठी जोडावी. घरच्यांची संमती घ्यावी, हे सांगावयास नकोच.

तबकड्या ओरखड्यांनी व उष्ण, दमट हवेने बिघडतात. त्या वाचणारी यंत्रे नव्या संगणकांत सहसा नसतात. चित्रणातली आजी कोण, तिचे माहेर कुठले, हे सांगणारी माणसेही थकत चालली आहेत. तेव्हा आमची विनंती इतकीच, की या उन्हाळ्यात प्रत्येकाने घरातली निदान एक तबकडी बाहेर काढावी, तिची नक्कल करावी आणि ज्यांना आवाज ओळखता येतात त्यांच्यापाशी बसून नावे लिहून घ्यावीत.