‘भारी भावा’च्या पुढे काय?

समजा, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा तुमचा एक मित्र शिकायला बाहेरगावी आहे. शनिवार-रविवार तो ग्रुपवर गायब असतो. सोमवारी सकाळी एक लिंक येते, ‘गेम केलाय. खेळून सांगा रे.’ गावात टँकर आलाय आणि तो निघून जायच्या आत हंडे भरायचे, एवढाच गेम. तुम्ही मिनिटभर खेळता, ‘भारी भावा’ लिहिता, सोबत आगीचा इमोजी टाकता. विषय संपला!

पण मित्राच्या हाती काय लागलं? काहीच नाही.

असे छोटे गेम बऱ्याचदा ‘गेम जॅम’साठी बनतात. विषय ठरलेला, वेळ मोजका आणि तेवढ्यात खेळता येईल असा गेम उभा करायचा. २००२ पासून चालू असलेल्या ‘लुडम डेअर’मध्ये एकट्यानं सगळं करायचं तर ४८ तास मिळतात, टीमला ७२. वेळ संपल्यावर मग सगळे एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, मत लिहितात. किमान २० जणांचे गुण मिळाले नाहीत, तर गेम क्रमवारीतच येत नाही. म्हणजे तिथं मत देणं हा उपकार नाही, जॅमचाच भाग आहे. जॅममधले गेम तिथंच संपतात असंही नाही. ‘बाबा इज यू’ हा कोड्यांचा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये पूर्ण होऊन जगभर गाजला.

जॅम असो वा मोठा गेम, मताचं मोल सारखंच. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आणला. त्याआधी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. गेम आल्यावर चित्रांचं, वातावरणाचं कौतुक झालं, पण लढाई अडखळते आणि शेवट अचानक होतो, असंही समीक्षकांनी स्पष्ट लिहिलं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात लढाई आणि हालचाली सुधारल्या होत्या, शिवाय हिंदी आवाजही होता. नुसतं ‘छान छान’ ऐकून काय बदलायचं ते कुणालाच कळत नसतं.

मग सांगायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे निकाल देऊ नका, काय झालं ते सांगा. ‘बोअर आहे’ यापेक्षा ‘पहिला हंडा भरला, मग तो कुठं ठेवायचा ते कळेना, दोन मिनिटं टँकरभोवतीच फिरत होतो’ हे वाक्य शंभरपट कामाचं. त्यात चूक नेमकी कुठं आहे ते दिसतं.

दुसरं, उपाय सांगायची घाई नको. ‘यात बंदूक टाक’ म्हटलं की गेम तुमचा होतो, त्याचा राहत नाही. तुम्ही कुठं अडलात ते सांगा, वाट त्याला शोधू द्या.

तिसरं, गेम बंद पडला तर ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका. फोन कोणता, कुठं बोट लावलं, पुढं काय दिसलं, ते लिहा. स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवलंत तर सोन्याहून पिवळं.

चौथं, जे आवडलं तेही नेमकं सांगा. हंडा भरत आल्यावर बदलणारा पाण्याचा आवाज आवडला असेल तर तो सांगा, नाहीतर सुधारणा करताना तोच काढला जायचा! आणि दोन दिवसांच्या गेममध्ये दहा लेव्हल का नाहीत, हे विचारू नका.

‘मी कुठं गेमर आहे?’ असं म्हणत असाल तर तुम्हीच खरे कामाचे. सराईत खेळाडू न सांगता पुढं जातो. जुना फोन, कमी रेंज आणि गेमची सवय नसलेली मोठी ताई जिथं अडते, तिथंच गेम अपुरा असतो.

गेम बनवणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही एक नियम. समोरचा खेळत असताना गप्प बसा. ‘अगं, तिथं दाब ना!’ म्हणालात की चाचणी संपली. खेळाडूसोबत तुम्ही प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसणार आहात का? एकानं काढलेली चूक लिहून ठेवा, तीच तिघांनी काढली तर आधी ती दुरुस्त करा.

दोन रात्री जागून केलेल्या कामावर नुसते इमोजी पडले, की पुढचा गेम करायचा हुरूप जातो. ग्रुपवर अशी एखादी लिंक न उघडता पडून असेल, तर आज दहा मिनिटं काढा. खेळा आणि एवढंच लिहा : ‘मी इथं अडलो, हे आवडलं, पुढचा कधी?’