धोरण सहायक: ऐकीव गोष्टीवर किती विसंबावं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यानंतर काही तरुण श्रोत्यांनी विचारलं की याचा आमच्या पोटापाण्याशी संबंध काय? रास्त प्रश्न आहे. यांतल्या काहींना एकाच धाटणीच्या जाहिराती खुणावत होत्या: सार्वजनिक आरोग्यात काम करणारी स्वयंसेवी संस्था, पद ‘पॉलिसी असोसिएट’ किंवा ‘धोरण सहायक’, अनुभव शून्य ते दोन वर्षं. आज हे पदच उदाहरण म्हणून घेऊ.

काम काय असतं? शासन निर्णयांवर नजर ठेवायची, विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं जमवायची, अर्थसंकल्पातली आरोग्याची पानं वाचायची, माहिती अधिकाराचे अर्ज लिहायचे, बैठकांची इतिवृत्तं ठेवायची. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. तेवढ्या दिवसांत संस्थेच्या हरकती-सूचनांचा पहिला खर्डा तयार करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक पानी टिपण. आमदार किंवा सचिव गाडीत बसल्या बसल्या वाचतील ते.

मुलं म्हणतात, ही तर कारकुनी झाली, धोरण ठरतं ते वर. आम्हाला हे पटत नाही. वरचा माणूस सही करतो ती टिपणातल्या वाक्यावर, आणि ते वाक्य लिहिणाऱ्यानं त्यातली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली नसते. म्हणजे हे पद जवळजवळ संपूर्णपणे शब्दप्रमाणावर उभं आहे.

अर्भक मृत्युदर घ्या. हजार जिवंत जन्मांमागे वर्ष पुरं होण्याआधी किती बाळं दगावली, हा तो दर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, देशाचा हा आकडा ३५ आला. नमुना नोंदणी पाहणी, जिला सगळे एसआरएस म्हणतात, तिचा २०२०चा आकडा २८. नवखा सहायक गोंधळतो, किंवा (हे जास्त वाईट) संस्थेच्या सोयीचा आकडा उचलतो. पहिली पाहणी आयांना मागच्या काही वर्षांतली बाळंतपणं विचारते, आणि तिचा दर आधीच्या पाच वर्षांचा असतो. दुसरी निवडक गावांत आणि वस्त्यांत जन्म-मृत्यूंची सतत नोंद ठेवते आणि एका वर्षाचा दर देते. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. टिपणात नुसता ‘३५’ किंवा नुसता ‘२८’ लिहिला तर ते खोटं नसतं. पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आता याहून खाली उतरू. एक बाळ जन्मतं, एकदा श्वास घेतं आणि जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे श्वास, हृदयाचे ठोके, नाळेचं स्पंदन, यांतलं काहीही दिसलं तर तो जिवंत जन्म. त्याची जन्माचीही नोंद व्हायला हवी आणि मृत्यूचीही. पण ते ‘मृतजन्म’ म्हणून लिहिलं गेलं, तर अर्भक मृत्यूंतून ते बाळ नाहीसं होतं. कुणी मुद्दाम करतं असं नाही. घरच्यांना विषय वाढवायचा नसतो, कर्मचाऱ्याला चौकशी नको असते. मग हा शब्द आशाताईकडून आरोग्यसेविकेकडे, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा असा चढत जातो. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात पोचतो तेव्हा तो एक्सेलच्या चौकटीतला आकडा असतो, अगदी स्वच्छ.

म्हणून प्रश्न पडतो, विश्वास कुणावर? न्यायसूत्रांत आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द, असं म्हटलंय. आप्त कोण, हे वात्स्यायनानं भाष्यात सांगितलं: ज्यानं ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जी जशी दिसली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू. आमच्या मते ही भारतीय ज्ञानमीमांसेतली फार धीट ओळ आहे. अधिकार पदावरून येत नाही. त्या बाळाच्या बाबतीत आप्त म्हणजे खोलीत हजर असलेली बाई, जिल्ह्याचा अहवाल नव्हे.

महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. १३ संस्थांनी आपापल्या भागात जन्म आणि बालमृत्यू स्वतः मोजले, आणि सरकारी नोंदींतून फार मोठा हिस्सा सुटतोय हे दाखवलं. त्यानंतर राज्य सरकारनं बालमृत्यूंवर समिती नेमली. मोजणाऱ्यांनी मोजलं, पण ते मांडणीत आणून प्रत्येक आकड्याखाली ‘हा कुठून आला’ हे लिहिणं, हेही कुणीतरी केलंच असणार.

दुसरा धोका अनुमानाचा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर हजारी ६२वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५वर आला. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. २०११पासून देशभर आशांमार्फत गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्या बाळंतपणानंतर सात, आणि त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये. आता सहायक लिहितो, ‘गृहभेटींनी मृत्युदर निम्म्याहून कमी होतो, म्हणून भेटी वाढवाव्यात.’

या ‘म्हणून’पाशी थांबायला हवं. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान का चुकतं? कारण धूर ओल्या इंधनामुळे येतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. गडचिरोलीत आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत होत्या, आणि त्यांच्यावर सतत देखरेख होती. २०११च्या कार्यक्रमात आशाताईंच्या हाती इंजेक्शन दिलेलं नव्हतं. नाव जवळपास तेच, पण ओलं इंधन तिथे आहे का, हे पाहिल्याशिवाय ६२ आणि २५ हे आकडे दुसऱ्या कार्यक्रमाच्या नावावर खपवता येत नाहीत. भेटी वाढवण्याच्या बाजूनं दुसरी कारणं असतीलही. ती वेगळी मांडावी.

इथे संस्थेशी खटका उडू शकतो. अनुदानाचं नूतनीकरण जवळ आलेलं असतं, वरिष्ठ म्हणतात, एक ठळक आकडा दे, अटी-बिटी नकोत. सगळ्यात कनिष्ठ माणसानं तिथे काय करावं? क्रांती करायची गरज नाही. आकडा ठळक द्या, आणि त्याच ओळीत वर्ष, भाग आणि मोजण्याची पद्धत लिहा. तळटीप काढून टाकतात, वाक्यातले शब्द काढायला जरा जड जातं. हे आम्ही प्रबंध तपासताना शिकलो, पण इथेही चालतं.

मुलाखतीच्या शेवटी विचारतात, तुमचे काही प्रश्न आहेत का? पगार जरूर विचारा, लाजू नका. आणि वर्षातले किती दिवस उपकेंद्रात आणि आशाताईंबरोबर काढता येतील, तेही विचारून घ्या. उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर इतिवृत्तं छान लिहायला शिकाल एवढं नक्की.