मजुरांची मुले आणि शाळेची जपानी



जपानी भाषेच्या शिक्षणावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले, ते पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत. परंतु हा प्रश्न मजुराच्या मुलांचा आहे, म्हणून तो आमचाही आहे.

१९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजातून जपानी माणसे ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेली. ऐंशी वर्षांनी चक्र उलटे फिरले. जपानी कारखान्यांना माणसे मिळेनात. १९९० मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने परदेशी गेलेल्या जपान्यांच्या मुला-नातवंडांना जपानात राहून वाटेल ते काम करण्याची मुभा दिली. हामामात्सु, ओइझुमी अशा गावी ब्राझीलचे कामगार आले, पुष्कळसे कंत्राटदारामार्फत. मागणी कामगारांची होती, पण त्यांची मुलेही आली आणि जवळच्या शाळेत जाऊन बसली. चेहरा जपानी, आडनाव जपानी, आणि तोंडात पोर्तुगीज!

या मुलांपुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहा. हिरागाना आणि काताकाना या दोन लिपींची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. त्यावर कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरे. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांतच १०२६. मोजणीचीही गंमत आहे. पेन्सिली मोजताना एक ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘साम्बोन’. शब्द तोच, पण आकड्यानुसार उच्चार बदलतो. गणितात हुशार असलेले मूलही प्रश्नच न कळल्यामुळे नापास होते.

तरीही खरी अडचण याहून खोल आहे. दोनएक वर्षांत मूल मैदानावर सफाईने जपानी बोलू लागते. गुरुजी म्हणतात, ‘याला भाषा आली.’ परंतु ‘बाष्पीभवन’, ‘काटकोन’, ‘कारणे द्या’ ही वर्गातली भाषा निराळी. ती यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे कॅनडाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले. आम्हाला हे पटवून घ्यावे लागले नाही. फाटकावरच्या सभेत तडाखेबंद बोलणारे आमचे कितीतरी सोबती कराराचा कागद हाती आला की गप्प होत. बोलता येते म्हणून कलम वाचता येतेच असे नाही. आणि फसवणूक होते ती कलमात.

जपानच्या शिक्षण खात्याने हे ओळखून २००३ मध्ये प्राथमिक आणि २००७ मध्ये माध्यमिक शाळांसाठी खास अभ्यासक्रम आखून दिला. भाषा एकीकडे व विषय दुसरीकडे असे न करता, दोन्ही हातात हात घालून शिकवायचे. आधी मुलाने वस्तू हाताळावी, मग शोध घ्यावा, मग सापडले ते जपानीत सांगावे. २०१४ पासून मुलाला वर्गातून वेगळे काढून वर्षाला १० ते २८० तास असे शिकवणे नियमित अभ्यासक्रमात धरले जाते. २०१७ च्या दुरुस्तीने अशा १८ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण टप्प्याटप्प्याने आणण्याचे ठरले. पण जिथे अशी मुले दोन-चारच, तिथे शिक्षक कोठून यायचा? २०२३ च्या पाहणीत जपानी शिकवण्याची गरज असलेली मुले ६९ हजारांवर होती. त्यांत ११ हजारांहून अधिक जपानी नागरिकच.

याहून मोठी उणीव कायद्यात आहे. परकीय मुलाने अर्ज केला तर सरकारी शाळा त्याला विनामूल्य घेते. मात्र सक्तीचे शिक्षण त्याला लागू नाही. २०१९ च्या पाहणीत १९ हजारांवर मुले शाळेबाहेर असावीत किंवा त्यांचा ठावठिकाणाच लागत नाही, असे आढळले.

आणि मंदी आली की? २००८ च्या मंदीत कंत्राटी कामगार आधी गेले. २००९ मध्ये सरकारने परतणाऱ्या कामगाराला तीन लाख येन आणि कुटुंबातील प्रत्येकामागे दोन लाख देऊ केले. अट ही की त्याच परवान्यावर पुन्हा यायचे नाही. जपानी अर्धी शिकलेली, पोर्तुगीज अर्धी विसरलेली मुले बापाच्या बोचक्याबरोबर परत गेली.

तात्पर्य, मजुराला बोलावणाऱ्याने त्याच्या मुलाच्या गुरुजींचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे. नाहीतर बाप ज्या यंत्रावर राबला, त्याच यंत्रावर मुलगाही उभा राहील, आणि त्याच्याही हाती न वाचता येणारा करार असेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.