जालजोडणीचे दोषशोधन
घरगुती संगणकाचा जालाशी असलेला संबंध वारंवार तुटत असल्यास खंड नेमका कोठे पडतो, हे क्रमाने ठरविण्याच्या पद्धतीस जालजोडणीचे दोषशोधन म्हणतात. संगणक, राउटर, सेवा पुरविणाऱ्या कंपनीची वाहिनी व बाहेरील जाल असे या मार्गाचे टप्पे होत. दोष कोणत्याही टप्प्यात असला, तरी लक्षण बहुधा एकच दिसते. म्हणून एका वेळी एकच बदल करून पाहणे आवश्यक असते. अन्यथा जोडणी सुधारली, तरी कारण अज्ञातच राहते.

परीक्षणासाठी माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ञांनी १९८३ मध्ये तयार केलेली पिंग ही आज्ञा वापरतात. खंडाच्या वेळी राउटरच्या पत्त्यावरून उत्तर येत असेल, तर दोष बहुधा राउटरच्या बाह्य जोडणीत वा त्यापलीकडे असतो. तेही थांबल्यास तो घरातच असतो. बाहेरील आकडी पत्त्यावरून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव दिल्यास येत नाही, तेव्हा नामसेवेचा संशय घ्यावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास त्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नसतो.

तारेने जोडल्यावर खंड थांबला, तर बिनतारी टप्पा सदोष ठरतो. २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात सूक्ष्मतरंग भट्टी व शेजारचे राउटर व्यत्यय आणतात. अशा वेळी १, ६ व ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी किंवा ५ गिगॅहर्ट्‌झ पट्टा निवडतात. खंडांच्या वेळा नोंदवून ठेवल्यास कंपनीकडे तक्रार करताना ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.